देवगोंडाआप्पांची चूक

देवगोंडाआप्पा टेलिफोन ऑफिसात कधी सरळ पुढच्या दारानं आत आले नाहीत. सायकल भिंतीला टेकवायची, टोपी काढून कपाळ पुसायचं आणि थेट इमारतीच्या मागं जायचं. आत साहेब बसलेला असला तरी त्यात फरक पडत नसे. मागच्या भिंतीलगत एक दगडी फरशी होती. ती उचलून आप्पा उकिडवे बसायचे, खालची माती चिमटीत धरून दाबायचे, तिथं उतरलेली तांब्याची तार बोटानं ओढून बघायचे आणि फरशी पुन्हा जागेवर बसवून मगच पुढं येऊन म्हणायचे, "नमस्कार मास्तर. जमीन बरी हाय तुमची."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस माझ्या शेताबद्दल बोलतोय. मी उचगावचा. घरची थोडी शेती होती. मी म्हणालो, "यंदा भात बरं आहे." आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

निपाणी-बेळगाव हमरस्त्यावरच्या एका बाजाराच्या गावी माझी ऑपरेटर म्हणून नेमणूक झाली होती. त्या गावाचं नाव इथं लिहीत नाही. ऑफिस म्हणजे रस्त्याकडेची कौलारू दोन खोल्यांची इमारत. पुढच्या खोलीत टेलिफोनचा लहानसा बोर्ड होता. निपाणीच्या तंबाखूवाल्या व्यापाऱ्यांची बोलणी त्यावरून जोडून द्यायची. आप्पा त्या साऱ्या पट्ट्याचे लाइन इन्स्पेक्टर. खांब, तारा, बोर्ड बसवणं, सगळं त्यांच्याकडं. निपाणीजवळच्या एका खेड्यातलं शेतकरी जैन घराणं. घरात कानडी, बाजारात मराठी, साहेबापुढं मोजकं इंग्रजी. रागावले की कानडीत जायचे, आणि इलाज नसलेल्या गोष्टीला त्यांचा एकच शब्द असायचा, "इरली". म्हणजे असू दे.

त्या तारेचं काम त्यांनीच मला समजावून सांगितलं. बोर्डाच्या वर वीज उतरवून घेणारी एक लहान पेटी असते. लाइनीवर वीज पडली की ती त्या पेटीत येते आणि तिथून तांब्याच्या तारेनं जमिनीत जाते. "तिला जायला वाट ठेवली की ती जातीया गुमान," आप्पा म्हणायचे. "वाट न्हाय दिली तर ती माणसातनं जाणार. तिचा काय दोष?" ही तार जमिनीत पुरायची, खात्याच्या भाषेत अर्थिंग करायचं, म्हणजे हातात येईल ते खणून भागत नाही. ओल लागेपर्यंत खोल खड्डा, त्यात तांब्याचा पत्रा, भोवती कोळसा आणि मीठ. आणि उन्हाळाभर वरून पाणी. कोरड्या मातीत वीज मुरत नाही.

खड्डा खणताना बघण्यासारखे असायचे आप्पा. मजुराला पहार मारू देत, पण मातीत गांडूळ दिसलं की, "सुम्मनिरु, सुम्मनिरु," म्हणजे गप थांबा, म्हणत खाली उतरायचे, ते हातानं उचलायचे आणि बांधाकडच्या ओल्या जागेत नेऊन ठेवायचे. मीठ टाकायच्या आधी तर सगळा खड्डा न्याहाळायचे. एकदा एक बडा साहेब घड्याळ बघत उभा होता. आप्पा खाली बसूनच म्हणाले, "साहेब, ह्येंच्या घरात आपण आलोय." साहेबाला मराठी कळत नव्हतं, ते बरंच झालं.

आमच्या ऑफिसात मी आणि परशराम असे दोघं. एक आठवडा सकाळची पाळी त्याची, एक आठवडा माझी. परशराम येळ्ळूरचा, अंगानं थोराड, आवाजानं मऊ. व्यापारी खुश असायचे त्याच्यावर. मागच्या खोलीत तो, त्याची बायको यल्लूबाई आणि लहान मुलगी राहत. मी समोरच्या घरात भाड्यानं. पहिल्याच उन्हाळ्यात आप्पांनी यल्लूबाईंना त्या फरशीपाशी बोलावलं.

"आक्का, भांडी कुठं घासता?"

"हिरीवर की."

"आजपास्नं हितं घासा. न्हायतर घासलेलं पाणी हितं आणून वता. रोज. ह्या मातीनं तुमच्या मालकाला सांभाळायचं हाय."

यल्लूबाईंनी ते असं मनावर घेतलं की बाजारादिवशी विहिरीवर पाण्याला गर्दी झाली तरी त्या एक घागर तिथं ओतल्याशिवाय चूल पेटवायच्या नाहीत. तुळशीला पाणी चुकलं तर चुकू देत, हे चुकलं नाही. मुलगी एकदा म्हणाली, "आई, इथं काय उगवणार?" तर त्या म्हणाल्या, "तुझा बा."

आप्पांचा मुलगा भूपाल तेव्हा बेळगावला कॉलेजात होता. आईविना वाढलेला एकुलता एक. सुट्टीत तो बापाबरोबर सायकलवरून हिंडायचा, तारेचं काम शिकायचा. आमच्या ऑफिसामागचा खड्डा खणला तेव्हा कोळसा त्यानंच कुटला होता. आप्पा त्याच्या अंगावर ओरडायचे, पण तो पाठ वळवून कामाला लागला की माझ्याकडं बघून भुवया उंचवायचे. त्यात सगळं कौतुक यायचं.

मग बेचाळीस साल आलं. आमच्या भागातली पोरं पेटून उठली. चावड्या जळल्या, तारा तुटल्या. भूपाल कॉलेज सोडून गेला. कुठं गेला ते आप्पांनी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. आप्पा दिवसभर तोडलेल्या तारा जोडत फिरायचे. खांबाखांबावर त्यांची शिडी असायची. त्या धावपळीत दसऱ्यानंतर आमच्या ऑफिसकडं यायला त्यांना सवडच झाली नाही.

एकदा घाटाच्या अलीकडं लाइन तुटली म्हणून चाचणी घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. ज्वारीच्या रानात तारा पडल्या होत्या. आप्पांनी तुटलेलं टोक हातात घेतलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"मास्तर, बघा. आदी ताण सोडलाय, मग कापलीया. एकदम तोडली असती तर खांब वाकला असता, वरनं कापणारा पडला असता."

"म्हणजे माहीतगार आहे कुणीतरी."

"हात चांगला हाय," आप्पा म्हणाले. त्यांनी ते टोक धोतराच्या सोग्यानं पुसलं. कशासाठी पुसलं ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादा बाप शाळेत पोराचं अक्षर बघतो, तसे ते बघत होते. नंतर शिडी उचलून ते खांबाकडं निघाले.

पुढच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, वळवाचे ढग दक्षिणेकडून चढून आले. त्या आठवड्यात दुपारची पाळी परशरामाची होती. मी घरी आडवा झालो होतो. वारा सुटला, कौलं हलली आणि मग असा कडाका झाला की समोरचं सगळं पांढरं झालं. गावाबाहेरच्या खांबावर वीज पडली होती. मी दारात आलो तर ऑफिसच्या खिडकीतून धूर येत होता आणि यल्लूबाई मागच्या दारातून आत पळत होत्या.

परशराम खुर्चीतच होता. कानावर ऐकायचं यंत्र तसंच. मान थोडी कलली होती, झोप लागल्यासारखी. यल्लूबाई त्याला हलवत होत्या, "अहो, उठा की. अहो, लाइन आलीया बघा." बोर्डाचं लाकूड जळत होतं, त्यावर मी घागर ओतली. तीच घागर, जी यल्लूबाई मागं ओतायच्या.

तासाभरानं पाऊस थांबला. मी मागं गेलो, फरशी उचलली. माती छान ओली होती. तार नव्हती. भिंतीवरून ती लाकडी पट्टीच्या आतून खाली येत असे. पट्टीच्या तळाशी एक टोक दिसत होतं आणि मातीतून दुसरं. दोन्ही स्वच्छ कापलेली. मधला तुकडा काढून नेऊन फरशी पुन्हा नीट बसवली होती. किती महिने झाले असतील कोण जाणे. टेलिफोनचं बोलणं दोन तारांवर चालतं. जमिनीतली तार गेली तरी ते अडत नाही, त्यामुळे आम्हाला काही कळायचं कारणच नव्हतं.

दिवस मावळायच्या आत आप्पा आले. सवयीनं आधी मागंच गेले. मी मागोमाग गेलो. त्यांनी फरशी उचलली, दोन्ही टोकं बघितली. पुन्हा बघितली. मग मातीतच बसले. मी समजलो, आता त्यांना आधार द्यावा लागणार. पण त्यांनी खिशातून पक्कड काढली, दोन्ही कापलेली टोकं अजून थोडी छाटली, ते दोन छोटे तुकडे खिशात घातले आणि सायकलवरची नवी तार आणून जोडायला घेतली. सांधा नेहमीसारखाच घट्ट बसला.

"आप्पा, पोलिसांना दाखवायला नको?"

"काय दाखवायचं?" ते म्हणाले. "काय बी न्हाय हितं."

चौकशीला बेळगावहून साहेब आला. बरोबर फौजदार. चळवळवाल्यांनी तार तोडून सरकारी माणूस मारला, असं निघालं असतं तर त्यांना हवंच होतं. तसं झालं असतं तर ज्याचं नाव पुढं आलं असतं त्याला फाशी ठरलेली. आप्पा टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दसऱ्याच्या वक्ताला तपासणीसाठी अर्थिंग मी सोडलंतं. जोडायचं इसरलो. चूक माझी हाय."

साहेबानं पुन्हा विचारलं. आप्पांनी पुन्हा तेच सांगितलं. दारात यल्लूबाई उभ्या होत्या, पांढऱ्या कपाळाच्या. त्या एकदम पुढं आल्या.

"इसरला? तुमी इसरला? जेवायला इसरता का हो कवा? मी रोज पाणी घालत हुते की! तुमी सांगितलं म्हणून रोज घालत हुते! त्या मातीत काय न्हवतं आणि मी पाणी घालत हुते?"

आप्पांनी मान खाली घातली नाही. त्यांच्याकडं बघत उभे राहिले. बायकांनी यल्लूबाईंना आत नेलं.

दुपारी मी आप्पांना बाहेर गाठलं. "आप्पा, मी टोकं बघितलीत. मी साहेबाला सांगतो."

"बघितली न्हवं? मग आता इसरा."

"उभ्या जन्मात तुमचं एक अर्थिंग सैल निघालं नाही. आणि आज सगळ्यांसमोर..."

"मास्तर," त्यांनी माझा दंड धरला. "टेलिग्राफची तार जमिनीतनं सोडली की यंत्र बंद पडतंय. ते त्याला मी शिकवलंतं. टेलिफोन बंद पडत न्हाय, माणूस मरतंय, ते शिकवायचं राह्यलं. बोर्ड बंद पाडायचा हुता त्याला, दुसरं काय न्हाय. निम्मंच शिकवलं मी. मग चूक कुणाची?"

भूपालचं नाव त्यांनी घेतलं नाही. मला त्या वेळी ज्वारीच्या रानातलं ते पुसलेलं टोक आठवलं आणि ते का पुसलं तेही ध्यानात आलं. "इरली," आप्पा म्हणाले आणि सायकल काढून चालत गेले. बसले नाहीत.

नोकरी गेली, पेन्शन गेलं. पण खात्यात जे बोललं जायचं ते त्याहून वाईट होतं. ज्यानं एवढ्या इमारतींना सुरक्षित केलं त्याच्या मागं नवी पोरं म्हणायची, "तो विसराळू इन्स्पेक्टर." आप्पा भावाच्या शेतावर राहायला गेले. भुईमूग, ज्वारी, दोन म्हशी. मी बेळगावला बदलून आलो तरी अधूनमधून त्यांच्याकडं जात असे. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून मी पोचायच्या आधीच ताट वाढून ठेवलेलं असायचं.

तिथंच मला कळलं की ते येळ्ळूरला जातात. यल्लूबाई मुलीला घेऊन सासरी परतल्या होत्या. दिराच्या घरात राबायच्या. आप्पा अर्धं पोतं ज्वारी, कधी शेंगा घेऊन जायचे. यल्लूबाई ते पोतं रस्त्यावर फेकायच्या आणि दारात उभ्या राहून तोंडाला येईल ते बोलायच्या. गल्ली गोळा व्हायची. आप्पा उन्हात उभे राहून सगळं ऐकायचे, त्या दमल्या की परत फिरायचे. पोतं दीर नंतर आत घ्यायचा, हे त्यांना ठाऊक होतं.

"कशाला जाता आप्पा?" मी एकदा चिडून म्हणालो. "तिला धान्य दुसऱ्याच्या हातून पाठवता येईल."

"धान्यासाठी न्हाय जात." ते शेंगा फोडत होते. "आभाळाला किती शिव्या देणार ती? समोर माणूस लागतंय. मी न्हाय गेलो तर ती पोरीवर वरडंल, न्हायतर आतल्या आत कुढंल. मी हाय तवर येऊ दे बाहीर."

थोड्या वेळानं म्हणाले, "ती रानातली तार बघितली तवाच मला त्याला गाठून सांगायला पायजे हुतं. वरचं काय तोडायचं ते तोड, खालचं शिवू नगंस. पण तसं म्हटलं असतं तर मला ठावं हाय हे त्याला कळलं असतं. सरकारी माणूस मी. तो घरला यायचा बंद झाला असता." आणि हसल्यासारखं करून, "तसा बी आला न्हाय."

भूपाल आला तो सेहेचाळीस साली, वॉरंटं उठल्यावर. परशराम गेल्याचं आणि बापानं काय सांगितलं ते त्याला भूमिगत असतानाच कळलं होतं. जोडायला तिथं तार नव्हती हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो उंबऱ्यातच आप्पांच्या पायावर पडला. आप्पांची भावजय सांगत होती, आप्पांनी त्याला उठवलं, त्याच्या दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "दिवस मावळायला आलाय. आदी जेव." तो बोलायला तोंड उघडायचा, की ते म्हशीला पाणी दाखवायला उठायचे. तो येळ्ळूरला जातो म्हणाला तेव्हा मात्र कडक आवाजात म्हणाले, "मी जिता हाय तवर न्हाय." बाप-लेकांचं त्यावर एवढंच बोलणं झालं.

पुढच्या उन्हाळ्यात आप्पा गेले. काही दिवस छाती भरली होती. औषध नको म्हणाले, मग अन्न नको म्हणाले, शेवटी पाणीही सोडलं. शांतपणे गेले. खात्यातलं मी सोडून कुणी आलं नव्हतं.

ऑगस्टात निपाणीत स्वातंत्र्याचा मोठा उत्सव ठरला. चळवळीतल्या पोरांचे सत्कार होणार होते, त्यात भूपालचं नाव होतं. त्याच्या काही दिवस आधी तो बेळगावला माझ्या दारात उभा राहिला. खाली मान घालून म्हणाला, "मास्तरकाका, हार घालून घ्यायच्या आदी येळ्ळूरला जायचंय. एकट्यानं पाय उचलंना."

आम्ही चालत गेलो. भाताच्या रानात पाणी साचलं होतं, पाऊस भुरभुरत होता. यल्लूबाई ओसरीवर जोंधळा पाखडत होत्या. केस पांढरे झाले होते. मला त्यांनी ओळखलं. भूपालला ओळखायला वेळ लागला.

"ह्यो त्येंचा पोरगा न्हवं?" त्यांनी मला विचारलं. "म्हातारं आलं न्हाय लई दिवसात."

"आप्पा गेले वहिनी. उन्हाळ्यात."

त्यांचा सूप धरलेला हात थांबला.

भूपाल खाली मातीत बसला. त्यानं सगळं सांगितलं. कोणत्या दिवशी आला, फरशी कशी उचलली, बोर्ड बंद पडेल असं कसं वाटलं, ते कसं चुकीचं होतं. बाप विसरला नव्हता. बाप कधीच विसरला नव्हता. सांगताना तो रडला नाही, एकदाही थांबला नाही. शेवटी म्हणाला, "काकी, तुमच्या घरच्या माणसाला मी मारलं. आता काय म्हणायचं ते मला म्हणा."

मी मनात म्हणत होतो, आता गल्ली गोळा होणार. यल्लूबाई कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिल्या. मग सूप बाजूला ठेवून भिंतीला टेकून बसल्या.

"दुपारचं उन्हातनं यायचं ते म्हातारं," त्या म्हणाल्या. "तोंड सुकल्यालं असायचं. एकदा सुदीक पाणी न्हाय इचारलं मी."

कौलांवरून पाणी ठिबकत होतं.

"आणि तू आता येतूस व्हय," त्या भूपालला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "व्हत्या न्हवत्या तेवढ्या सगळ्या शिव्या त्येस्नी देऊन झाल्या रं पोरा. तुला द्यायला माझ्याकडं काय बी राह्यलं न्हाय."

त्या उठून आत गेल्या. भूपाल तिथंच मातीत बसून राहिला, आणि तेव्हा कुठं तो रडायला लागला.